जतनबाईच्या पेटीतली मतं

१

पेटी उघडली आणि जतनभाभी मटकन खालीच बसल्या.

बाहेर दुकानाच्या पायरीवर वस्तीतल्या बाया रांग करून उभ्या होत्या. उद्या ग्रामपंचायतीचं मतदान, म्हणून प्रत्येकीला आपापलं कार्ड हवं होतं. आणि आत पेटीत कार्डं नव्हती. रांगेतल्या एकीचंही नाही.

आता ही पेटी काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल की बायांची मतदानाची कार्डं मारवाड्याच्या घरात कशाला. चोपड्याच्या अलीकडचं हे गाव. गावाबाहेर केळीच्या बागांना लागून मजुरांची वस्ती. घरं कुडाची, पत्र्याची. त्यांना ना नंबर, ना घरपट्टी. पावसाळ्यात आत पाणी शिरतं, उंदीर कागद खातात. म्हणून वस्तीतल्या बायांनी फार वर्षांपूर्वी एक सोपी सोय करून टाकली. ज्याच्याशिवाय अडतं असा प्रत्येक कागद जतनबाईच्या पेटीत. मतदानाचं कार्ड, आधार, फोटोचं पासबुक, पोरांच्या लसीची कार्डं, सगळं. काम पडलं की न्यायचं, झालं की आणून द्यायचं. जतनभाभी ना पावती देत, ना कोणी मागत.

मी ज्योत्स्ना. धुळ्याला देवपुरात राहते, पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झाले. कधीकाळी चोपड्याला नेमणूक होती, तेव्हापासून जतनभाभींशी माझा घरोबा. थंडीत चार दिवस त्यांच्याकडे येऊन बसायचं, गरमागरम बाजरीची भाकरी खायची, गुडघे शेकायचे, एवढाच माझा बेत होता. चौकशा करायची माझी बिलकूल हौस राहिलेली नव्हती.

पण भाभींनी माझा हात धरला आणि कानात म्हणाल्या, "पोलिसात नको सांगू. मला वाटतं, आमच्या अखिलनेच नेलीत."

२

अखिल म्हणजे भाभींचा नातू, दुकान तोच बघतो. आजीने नातवावर संशय घ्यावा, तोही डोळ्यांत पाणी आणून, म्हणजे काहीतरी कारण असणारच. मी बायांना घरी पाठवलं, दार लावून घेतलं आणि भाभींना बोलतं केलं.

भाभी रोज दुपारी मागच्या खोलीत सामायिकाला बसतात. जैनांच्या घरात ठाऊक असतं सगळ्यांना, तोंडावर मुहपत्तीचं फडकं बांधून, डोळे मिटून बसायचं, तेवढा वेळ उठायचं नाही की बोलायचं नाही. आदल्या दिवशी त्या अशाच बसल्या असताना कोणीतरी आलं. दाराशी चपला काढल्या. किल्ली खिळ्याला असते, ती काढली. पेटी उघडली, बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग पेटी बंद झाली, किल्ली जागेवर गेली, पावलं निघून गेली. भाभींनी डोळे उघडले नाहीत. चपला काढून येणारा म्हणजे घरचाच, असं धरून त्या आपल्या जपात राहिल्या. उठल्यावर हाक मारली तर अखिल दुकानात नव्हता, शटर अर्धं खाली होतं. तिन्हीसांजेला आला तेव्हा नजर चुकवत होता.

त्यातून हा अखिल दीपकभाऊच्या बैठकीतला. दीपक म्हणजे वॉर्डाचा चालू सदस्य, केळीचा मोठा बागायतदार, आणि यंदाही उभा. त्याच्यासमोर उभी राहिली होती वस्तीतलीच एक सून, रूपा. दहावी शिकलेली, तोंडाने तिखट. तिचं म्हणणं एकच. आमच्या घरांना नंबर द्या. नंबर नाही म्हणून रहिवासी दाखला नाही, दाखला नाही म्हणून नव्या पोरांची यादीत नावं लागता लागत नाहीत, आणि आमचे कागद दुसऱ्याच्या पेटीत पडून असतात. दीपकने पाच वर्षं नुसतं "बघू" म्हटलं होतं. आता वस्तीच्या बायांनी मतं दिली तर रूपा येणार, नाही दिली तर वस्ती आणखी पाच वर्षं बिननंबरी. इतकं सरळ होतं ते.

मी म्हटलं, भाभी, रडून झालं असेल तर मला पेटी दाखवा.

पेटीत बरंच काही शिल्लक होतं. लसीची कार्डं होती. जातीचे दाखले होते. फोटो नसलेली पासबुकं होती, फोटोवाली मात्र गेली होती, आधारही गेली होती. भाभींना एक-एक आठवायला लावलं, तर त्या म्हणाल्या, एसटीचा म्हाताऱ्यांचा पास होता कोणाचातरी, तोही दिसत नाही. आणि अगदी तळाशी, चेहरा वर करून ठेवलेलं, एकच मतदानाचं कार्ड राहिलं होतं. ताईबाईचं. ही ताईबाई मागच्या उन्हाळ्यात वारली, तिचं कार्ड परत न्यायला कोणी आलंच नव्हतं.

मी पेटीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पदराला बांधली आणि भाभींना बजावलं की आत काय राहिलंय हे कोणापाशी बोलायचं नाही. मग गेले अखिलला धरायला.

३

अखिल गोदामात सापडला. मी काही फार वेळ घेतला नाही, गणवेश नसला तरी आवाज आहे अजून. पोरगा घामाघूम झाला. म्हणाला, हो, मी दुपारी दुकान टाकून गेलो होतो. कुठे? दीपकभाऊंच्या लोकांबरोबर ढाब्यावर. कशाला? मान खाली. शेवटी बाहेर पडलं ते असं, की त्याने आयुष्यात पहिल्यांदा अंड्याची भुर्जी खाल्ली होती आणि आजीच्या तोंडाकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. मला हसू आवरेना. पण तो खरंच रडवेला झाला होता, तेव्हा मी हसू गिळलं. आजीला तूच सांग म्हटलं, मी सांगणार नाही.

ढाबेवाल्याला फोन लावला, त्यानेही तेच सांगितलं. म्हणजे अखिल सुटला.

तिथून मुकादमाकडे गेले. हा वना, वस्तीतल्या बायांना केळी कापणीला नेणारा, दीपकचा उजवा हात. मला बघून तो उगाच ट्रॅक्टरच्या चाकाशी खुडबुड करायला लागला. मी त्याला म्हटलं, वना, तुझ्या मनात काहीतरी आहे, ते बाहेर काढ, हलकं वाटेल. त्याने थोडी टाळाटाळ केली आणि मग सांगितलं. मतदानाच्या दिवशी दीपकने मुद्दाम लांबच्या बागेत कापणी लावली होती. गाडी पहाटे न्यायची, परत आणायची मतदान संपल्यावर. रूपा उभी राहिल्यापासून बाया आपल्या राहिल्यात की नाही याचा दीपकला भरवसा नव्हता. वना म्हणाला, त्याच वस्तीतलं अन्न खातो अक्का, सांगताना लाज वाटते.

लाज वाटलीच पाहिजे. पण त्या लाजेने मला एक गोष्ट कळली. ज्याने बायांना गाडीत घालून लांब न्यायची तजवीज आधीच केली आहे, तो कार्डं चोरायला माणूस कशाला पाठवेल? एकाच दाराला दोन कुलपं कोण घालतं. दीपक लबाड होता, चोर नव्हता.

मग चोर कोण? वस्तीत कुजबुज होती की रूपानेच कार्डं दडवली, आता दीपकवर आळ घेऊन रडेल आणि सहानुभूती मिळवेल.

४

वस्तीत गेले तेव्हा बाया सुतकात असल्यासारख्या बसल्या होत्या. रूपा मात्र उभी. तिचा तहसीलला फोन करून झाला होता. तिकडून उत्तर मिळालं होतं की यादीत नाव असलं तरी फोटोचा कोणतातरी एक पुरावा लागेल, पुरावा नाही तर मत नाही, आमच्या हातात काही नाही. रूपा म्हणाली, माझ्या सासूला चोपड्यापासून अडावदपर्यंत माणसं ओळखतात, पण केंद्रावर तिला ओळखायला कागदच लागतो.

मी प्रत्येकीला तेच विचारलं, पेटीत तुझं काय काय होतं. कोणी बोटांवर मोजून सांगत होतं, कोणी रडत होतं. एक पोरगी म्हणाली, पहिलंच मत होतं माझं. मला त्यांच्याकडे बघवेना.

सगळ्यांत शेवटी भागाबाई, म्हणजे रूपाची सासू. वस्तीतली सर्वांत मानाची म्हातारी. कामावर जात नाही आता, पण दर श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, तिच्याच घरी बसते, सगळ्या वस्तीच्या बाया तिच्या शब्दाबाहेर नाहीत. दारात बसून ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, अक्का, तुमचं काय होतं? म्हणाली, कार्ड, आधार, एसटीचा पास. बाकी काही नाही. नवीन कार्ड किती दिवसांत मिळतं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, महिना तरी जाईल. त्यावर तिने मान हलवली आणि तांदळात बोटं फिरवत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ताईबाई बिचारी एकलीच राही गयी त्या पेटीमा."

मी बरं म्हटलं आणि उठले. वाटेत वनाच्या ट्रॅक्टरपाशी आले आणि माझे पाय थांबले.

५

तुम्हाला कदाचित माझ्याआधीच लक्षात आलं असेल. माझं डोकं आता थोडं उशिरा चालतं.

नेणाऱ्याने फोटो असलेलं सगळं नेलं, फोटो नसलेलं ठेवलं. वाचता येणाऱ्या माणसाला एसटीचा पास मतदानाला चालत नाही हे कळलं असतं. त्याने तो तसाच ठेवला असता. म्हणजे हा माणूस अक्षरांवरून नाही, चेहऱ्यांवरून निवड करत होता. अखिल वाचतो, वना हजेरी लिहितो, रूपा दहावी शिकलेली. तिघं गळले. बरं, चेहरे नुसते दिसले नाहीत, ओळखू आले. मेलेल्या ताईबाईचं कार्ड नेणाऱ्याने नेलं नाही, सरळ करून ठेवलं. परका माणूस तिचंही घेऊन गेला असता. आणि तळाशी ताईबाई एकटी राहिली हे माझ्याशिवाय आणि भाभींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. किल्ली तर माझ्या पदराला, तरी भागाबाई ते बोलून गेली होती.

राहता राहिला प्रश्न, कार्डं कुठे. एका खोलीचं घर, त्यात सून तडफदार, कोपरा न कोपरा झाडणारी. अशा सुनेपासून सासू एखादी वस्तू कुठे लपवेल? सून जिथे हात लावत नाही तिथेच ना. खानदेशात ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना सांगायला नको. देवीचं नारळ कपड्यात गुंडाळून टोपलीत आढ्याला टांगलेलं असतं आणि पुढच्या श्रावणापर्यंत त्याला कोणी शिवत नाही.

मी परत गेले. रूपाला आत बोलावलं, दार लोटलं आणि भागाबाईला म्हटलं, अक्का, टोपली तुम्हीच उतरवा, माझा हात लागायला नको.

तिने आढ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग हात जोडून टोपली उतरवली. नारळाखाली लाल खणात बांधलेली सगळी कार्डं होती.

रूपाचं तोंड पांढरं पडलं. ती एवढंच म्हणाली, आत्याबाई, तुम्ही?

६

भागाबाईने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ती मधेमधे थांबत होती.

दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा, म्हणजे रूपाचा नवरा, विषारी साप चावून पडला होता. गाडी मिळेना. दीपकने स्वतःची जीप काढून त्याला जळगावला नेला, म्हणून तो वाचला. त्या उपकाराला स्मरून भागाबाईने मागच्या श्रावणात, कानबाई बसली असताना, वस्तीतल्या सगळ्या बायांच्या हातात हळद देऊन शपथ घ्यायला लावली की येत्या मतदानाला मत दीपकभाऊंना. तेव्हा रूपा उभी राहील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि थंडीत सून उभी राहिली.

आता बाया रूपाला मत देणार हे उघड होतं. दिलं तर देवीसमोरची शपथ मोडणार. न दिलं तर सून पडणार, तीही सासूने घ्यायला लावलेल्या शपथेपायी. म्हातारीने रात्री जागून काढल्या आणि तिला सुचलं ते हे, की कार्डच नसेल तर मत नाही, आणि मत नाही तर शपथ मोडली नाही.

मी म्हटलं, अहो अक्का, मतदान गुप्त असतं. आत कोणी काय दाबलं, कोणाला कळतं?

"देवीले बठ्ठं दिखस," ती म्हणाली. देवीला सगळं दिसतं, मग मतदान कसलं गुप्त.

चोरी केली त्याचं काय, असं मी चिडून विचारलं. त्यावर तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "चोरीनं पाप मन्हं एकलीनं शे. सपत मोडानं पाप बठ्ठ्यासनं व्हतं."

रूपा पुढे झाली. मला वाटलं आता ही तोंडसुख घेणार. पण ती दार उघडून बाहेर गेली, बायांना हाका मारल्या आणि कार्डांचं गाठोडं सगळ्यांच्या मधे ठेवलं. श्रावणात ती माहेरी होती, शपथेचं सगळं तिला आत्ताच कळलं होतं, बायांनी लाजेने तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मन्हासाठे कोनी पाप नका घ्या. दीपकभाऊले मत द्या, माले नका द्या. पन मत द्या. कार्ड घरात ठेईसन बसू नका."

खोटं कशाला बोलू, पोलिसात इतकी वर्षं काढली, पण अशी उमेदवार मी पाहिली नव्हती.

त्या शब्दांनी भागाबाई मोडली. उठली, घरातून हळदीचा डबा आणला, पदर पसरून बायांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी तुम्हाला दिलेली हळद मला परत द्या. त्यांच्यात ही रीत आहे. शपथ घालणाऱ्याने पदर पसरला आणि शपथ घेणाऱ्याने चिमूटभर हळद त्यात टाकली, की शपथ परत जाते. घेणारा मोकळा होतो, सगळा भार पदर पसरणाऱ्यावर. बाया आधी मागे सरल्या. मग एक पुढे आली, मग दुसरी. भागाबाईचा पदर पिवळा झाला. सगळ्या मोकळ्या झाल्या, ती एकटी बांधलेली राहिली.

वनाही येऊन मागे उभा होता. उद्या गाडी निघणार नाही, असं त्याने न विचारता सांगून टाकलं.

७

मतदानाच्या दिवशी बाया नवी लुगडी नेसून निघाल्या. भागाबाई उठेना. दारात बसून राहिली आणि मला म्हणाली, "मी नही गऊ ते चालाव नही का?"

मी म्हटलं, नाही चालणार. तुमच्यामुळे सगळ्यांचं मत जाता जाता राहिलं, आता तुम्हीच घरात बसणार? नोटाचं बटण असतं, ते दाबा, कोणालाच देऊ नका. तर म्हणाली, दीपकभाऊंना देईन असं बोलले होते, कोणालाच देणार नाही असं नाही. मी म्हटलं, जे करायचं ते करा, पण चला. आणि मी तिला हाताला धरून नेलं. रस्ताभर मीच बोलत होते. मताचा हक्क काय असतो, तो कसा वापरलाच पाहिजे, असलं सगळं. ती ऐकत होती. केंद्रावर तिने कार्ड दाखवलं, बोटाला शाई लावून घेतली, आत गेली आणि लगेच बाहेर आली. मला स्वतःचाच मोठा अभिमान वाटत होता.

निकाल दुसऱ्या दिवशी. दीपक आणि रूपा, दोघांना समान मतं.

अधिकाऱ्यांनी फेरमोजणी केली, आकडे तेच. मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली दीपकची. गुलाल उधळला, ढोल वाजले आणि वस्तीचे नंबर पाच वर्षांवर गेले.

भागाबाईला कोणी काही विचारलं नाही. तिनेच संध्याकाळी, सगळ्या बसल्या असताना, सांगून टाकलं की तिचं मत दीपकला गेलं. ती घरीच बसली असती तर रूपा निवडून आली असती. हा हिशोब बायांच्या डोक्यात जितक्या लवकर शिरला, तितक्याच लवकर माझ्याही. मी मान वर केली नाही. चोर शोधला, कार्डं शोधली, आणि ज्या एका बाईला घरी बसायचं होतं तिला मी ओढून नेलं. तेही मोठ्या तोऱ्यात.

रूपाने सासूसमोर ताट ठेवलं. म्हणाली, मला ठाऊक होतं आत्याबाई, जेवून घ्या. भागाबाईने घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला निघाले. बसथांब्यावर रूपा आली, फडक्यात भाकरी बांधून घेऊन. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, रूपा, चूक माझी झाली, मी त्यांना नेलं नसतं तर. ती म्हणाली, अक्का, मत द्या म्हणून बठ्ठ्यासले मीच सांगितलं, त्यात आत्याबाई आल्याच की. मग बस आली. खिडकीपाशी येऊन ती म्हणाली, "पुढला टाइमले आत्याबाईनी सपत सरेल राही. तवय या."

शपथ सरलेली असेल तेव्हा येईन, म्हटलं मी. म्हातारी तोवर असेल की नाही, हे तीही बोलली नाही आणि मीही नाही.